मागचा पिवळा रंग

फोटो कागदात गुंडाळायला सुतळी सापडेना म्हणून फ्रेमवाला दुकानात आत गेला, आणि तेवढ्यात एक पान खाऊन घेऊ म्हणून पुंडलिक वऱ्हाडपांडे रस्ता ओलांडून पलीकडे गेले. झालं एवढंच. जबलपूरच्या कमानिया गेटच्या बाजारातली संध्याकाळ, हातगाड्या, ई-रिक्षा, लग्नाची खरेदी करून निघालेल्या बायका. त्या सगळ्यातून जीव मुठीत धरून ते पानाच्या ठेल्यापाशी पोचले, पान गालात सारलं आणि वळून सहज आपल्या फोटोकडे पाहिलं. फोटो दुकानाच्या पायरीवर भिंतीला टेकून उभा होता, चांगला दोन हात रुंद. पुढे नावेच्या बांबूवर बसलेला खंड्या, पाठीवर निळा, पोटाला तांबूस, चोचीत मासोळी. आणि मागे तो सगळ्यांना आवडणारा पिवळा उजेड. पण रस्त्याच्या या बाजूने पाहिलं तर तो उजेड नव्हता. तिथे एक बाई उभी होती. खांदे होते, डोकं होतं, डोक्यावरून घेतलेला पदर होता, आणि तिने एक हात वर केला होता. पुंडलिकराव दोन पावलं पुढे आले तर बाई गेली आणि पुन्हा नुसता उजेड. मागे सरकले तर परत बाई. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. ‘ओ अंकल, नाचना है तो घर जाके नाचो!’ एक ई-रिक्षावाला अंगावरून जाता जाता ओरडला, तेव्हा ते बाजूला झाले. पान तोंडात तसंच राहिलं होतं आणि चुना जिभेला लागला होता.

बाई कोण, हा प्रश्नच नव्हता. ती कुंदा होती, त्यांची बायको, आणि तिला तिथे त्यांनीच उभं केलं होतं. कुणाला सांगितलं तर थापा वाटतील, पण खरं आहे. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून लोक मुलीचं लग्न उरकतात, गच्चीवर खोली चढवतात. प्रणोतीचं लग्न आधीच झालं होतं आणि गच्ची माकडांच्या ताब्यात होती. पुंडलिकरावांनी लेन्स घेतली. सत्तर ते दोनशे, आणि सगळीकडे दोन-आठ. म्हणजे काय हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा समजावलं होतं की कुंदालाही तोंडपाठ झालं होतं: लांबचं जवळ आणते, आणि डोळा एवढा मोठा की धुक्यात, अंधुक उजेडातसुद्धा पाखराचं पीस न् पीस टिपते. वजन म्हणाल तर भरलेल्या तांब्याएवढं. पण तिची खरी करामत मागच्या बाजूला. ज्याच्यावर नजर धरली तेवढं लखलखीत, आणि त्याच्या मागचं सगळं लोण्यासारखं विरघळून जातं. तारेचे खांब, कचरा, साबण लावणारी माणसं, सगळं. फॅक्टरीत पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेल्या माणसाला याहून मोठं सुख कोणतं? आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, चांगला नग बाजूला काढायचा आणि बाकीच्यावर लाल रंगाचा फराटा मारायचा. ही लेन्स ते काम आपलं आपण करत होती.

अडचण एकच. विरघळायला मागे काहीतरी रंगाचं पाहिजे. ग्वारीघाटाच्या पायऱ्या करड्या, हिवाळ्यातलं पाणी करडं, धुकं तर करडंच. खंड्या बिचारा जीव तोडून निळा व्हायचा आणि मागे सगळी राख. ‘तू जरा तिथे जाऊन उभी राहतेस का?’ असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा कुंदाला वाटलं, आपला फोटो काढून राहिले. तिने पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला, आणि नावेच्या पलीकडे वरच्या पायरीवर जाऊन हसत उभी राहिली. घरी येऊन तिने कॉम्प्युटरमध्ये डोकावून पाहिलं तर पाखरू. ‘मी कुठे आहे?’ ‘ही काय,’ म्हणून पुंडलिकरावांनी पाखराच्या मागच्या पिवळ्यावर बोट ठेवलं. कुंदाने वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, आणि म्हणाली, ‘अच्छा.’ मग ती चहा ठेवायला गेली. पुढे त्याची रीतच पडली. आदल्या दिवशी संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती विचारायची, ‘उद्या कोणती नेसू?’ आणि पुंडलिकराव गंभीरपणे विचार करून सांगायचे, ‘हिरवी नको, पाण्यात मिसळते. ती हळदीच्या रंगाची नेस. आणि शाल घेऊ नको वरून.’ बायकोच्या साड्यांकडे त्यांनी उभ्या जन्मात एवढं लक्ष दिलं नव्हतं. डिसेंबरच्या थंडीत शालीशिवाय उभी असलेली कुंदा एकदा गार हात त्यांच्या मानेला लावून म्हणाली होती, ‘त्या पुंडलिकाने देवाला विटेवर उभं केलं, पण स्वतः आईबापाची सेवा तरी करून राहिला होता. तुम्ही पाखराची करता.’ दोघंही तेव्हा पोटभर हसले होते. हे सगळं पुंडलिकरावांना माहीत होतं, त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होता तो वर केलेला हात.

फोटो गुंडाळून घेऊन ते रिक्षाने गढ्याला घरी आले. खरं तर तो तिथून सरळ गावातल्या मराठी मंडळात पोचवायचा होता. मंडळाच्या हॉलला नवा रंग दिला होता, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उद्घाटन होतं, आणि स्टेजसमोरच्या भिंतीवर वऱ्हाडपांडेकाकांचा भोपाळला पहिलं बक्षीस मिळालेला फोटो लागणार हे ठरलेलं होतं. भिंत रुंद होती म्हणून तर हा घोटाळा झाला. बक्षिसाला पाठवलेला फोटो त्यांनी दोन्ही बाजूंनी कापून उभा केला होता, त्यात खंड्या आणि त्याच्यामागे पिवळं, बस. या वेळी त्यांनी न कापता सबंध दिला, आणि कापलेल्यात जी बाहेर गेली होती ती कुंदा खांद्या-हातासकट परत आली होती. त्यांनी कागद फाडून फोटो घरातल्या बोळाच्या टोकाला, बाहेरच्या दाराशी ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभे राहिले. तिथून ती स्पष्ट दिसली. त्यांनी कुकर लावला, खिचडी झाली, ताट वाढून घेतलं, आणि जेवता जेवता मान वर केली की ती हात वर करून उभी. घरात तिच्या पायांचा आवाज थांबला त्याला उन्हाळा, पावसाळा आणि अर्धा हिवाळा झाला होता. पुंडलिकराव एकटे होते, आणि एकटेपणाला ते आजवर गैरसोय म्हणत आले होते. दूध उतू जातं, धुण्याचे बोळे होतात, कोथिंबीर सडते; गैरसोय. त्या संध्याकाळी मात्र ताटावर बसल्या बसल्या त्यांना रडू आलं, आणि तोंडातला घास गिळता येईना.

कुंदा नागपूरला गेली होती ती प्रणोतीच्या बाळंतपणासाठी. दीड-दोन महिन्यांत परत येणार होती. मुलगी झाली, अवंतिका. बारसं झालं, त्याला पुंडलिकराव लेन्स घेऊन गेले आणि पाळण्याचे फार सुरेख फोटो काढून परत आले. मग बाळ अजून फार लहान म्हणून महिना लांबला. मग पाऊस, मग गणपती, मग प्रणोतीची रजा संपली, बँकेत जाणं सुरू झालं, बाळाला कोण बघणार? दिवाळीत जावई गौरांग फोनवर हसत हसत म्हणाला, ‘बाबा, आई आता इथल्याच झाल्या बरं का,’ आणि पुंडलिकरावही हसले. मागून कुंदा काहीतरी बोलेल म्हणून त्यांनी कान दिला होता, ती काही बोलली नाही. ये म्हणून त्यांनी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. तिला वाटलं पाहिजे ना, असा त्यांचा हिशेब. आणि बोलणं तरी कुठे व्हायचं? प्रणोती व्हिडिओ लावायची, त्यात बाळ दिसायचं, बाळाला धरलेला कुंदाचा हात दिसायचा, बांगड्या दिसायच्या, आणि बाहेरून आवाज यायचा, ‘जेवले का विचार बाबांना. बीपीची गोळी घेतात का विचार.’ प्रणोती विचारायची. पुंडलिकराव प्रणोतीला सांगायचे, ‘हो म्हणावं.’ मंडळात कुणी विचारलं, वहिनी कधी येऊन राहिल्या, तर उन्हाळ्यात ते म्हणायचे, पाऊस पडला की. आता म्हणायचे, थंडी संपली की. ती आता येणारच नाही ही शंका त्यांच्या मनात कितीतरी दिवस होती, आणि शंकेला त्यांनी घरात येऊ दिलं नव्हतं, सेल्समनसारखं दारातूनच परतवलं होतं.

सकाळी नऊच्या सुमारास मंडळाची संपदा स्कूटी घेऊन आली. त्यांच्या फॅक्टरीतल्या जुन्या मित्राची मुलगी, जन्म जबलपूरचा. मराठी सगळं कळतं, बोलताना मध्येच गाडी हिंदीवर जाते. फोटो काल मिळाला नाही म्हणून ती स्वतःच न्यायला आली होती. दारातच तिने दोन्ही हात गालांना लावले. ‘काका! काय सुंदर आला आहे! और ये जो पीछे गोल्डन है ना, सनराइजचा, तो तर एकदम... म्हणजे असं वाटतं की आपण घाटावरच आहोत.’ पुंडलिकराव म्हणाले, ‘तो सनराइज नाही. कुंदाकाकू आहे.’ संपदा त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिचे डोळे एकदम ओलसर झाले. ‘काकूंना डेडिकेट केला? कित्ती स्वीट काका!’ ‘अगं डेडिकेट नाही, ती उभी आहे तिथे. तू इकडे ये, स्वयंपाकघरात. इथून बघ.’ पोरगी भली, चपला काढून आत आली, ओट्याला टेकून उभी राहिली, मान तिरपी करून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. ‘हां... कुछ तो है. पेड़ है क्या काका?’ ‘झाड कुठून येईल घाटाच्या पायरीवर? तो हात बघ, वर केलेला.’ ‘फांदी आहे ना ती?’ म्हणाली, आणि मग त्यांचा चेहरा बघून घाईघाईने, ‘असेल, काकूच असतील. तुम्हाला दिसतात ना, बस.’ आजारी माणसाशी बोलावं तसं ती बोलत होती. पुंडलिकरावांनी तिला सांगितलं की फोटो आज देता येणार नाही, थोडं काम आहे त्यावर, उद्या स्वतः आणून देतो. जाताना तिने विचारलं, ‘काका, जेवणाचं वगैरे नीट चाललं आहे ना? डबा सांगू का कुणाला?’

ती गेली आणि मग त्यांनाच धाकधूक सुरू झाली. खरंच झाड असेल तर? पाहायची इच्छा एवढी की माणसाला पिवळ्यातही बायको दिसायची. त्यांना आठवलं की या फोटोतल्या पिवळ्याला लोक ऊन म्हणायला लागले तेव्हा त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. बक्षीस मिळालं तेव्हा फॅक्टरीतली आणि मंडळातली दहा-बारा माणसं याच बैठकीत बसली होती, आणि कुणीतरी विचारलं, असा पहाटेचा उजेड मिळायला किती वाट पाहावी लागते हो? पुंडलिकराव म्हणाले होते, ‘पाच मिनिटं असतो तो. मिळाला तर मिळाला.’ कुंदा तेव्हा पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. माणसं गेल्यावर त्यांनी आत हाक मारली, चहा मिळेल का आणखी? तर आतून आवाज आला, ‘पहाट भांडी घासून राहिली आहे जी. थोडा वेळ लागेल.’ काय हसले होते ते! दुसऱ्या दिवशी ही गंमत भाजीवाल्यालासुद्धा हिंदीतून सांगितली होती. आज ती आठवून त्यांना हसू येईना. तिचा आवाज आठवत होता, तो नक्की हसरा होता का, हे त्यांना छातीठोक सांगता येत नव्हतं. त्या वेळी त्यांनी तिचा चेहरा बघितला नव्हता. ते बैठकीत होते आणि ती आत होती.

त्यांनी कपाटातून हार्ड डिस्क काढली. तिच्या शेजारीच लेन्सचा हवाबंद डबा. उघडून पाहिला तर आतले ओल शोषणारे खडे गुलाबी पडलेले. हे खडे कोरडे असले की निळे असतात, ओल धरली की गुलाबी. मग ते लोखंडी कढईत भाजून पुन्हा निळे करायचे. हे काम कुंदाचं. रवा भाजून झाला की त्याच कढईत नको म्हणून तिने जुनी वेगळी कढई ठेवली होती, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला ती खडे भाजायची, चिवडा परतावा तसे, हलक्या हाताने. पुंडलिकरावांनी लेन्स खिडकीशी नेऊन उजेडात धरली. आतल्या काचेवर, कडेला, केसाएवढी पांढरी बुरशी धरली होती. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता त्यांनी ती नुसती पाहिली, झाकण लावलं, डब्यात ठेवली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

त्या दिवशीचं सगळं डिस्कवर होतं. चांगलं ते ठेवायचं आणि बाकीच्यावर लाल खूण करायची, पण पुसायचं काही नाही, ही फॅक्टरीची सवय. रिजेक्ट मालही कोपऱ्यात रचून ठेवावा लागे. लेन्स नजर धरायला चपळ आणि कॅमेरा घोडा दाबून धरला की धडाधडा फोटो काढणारा, त्यामुळे खंड्या मासोळी घेऊन बांबूवर बसला तेव्हापासून उडाला तोवरची अख्खी रांग तिथे होती. ते आजवर एकेक फोटो पडदाभर मोठा करून बघायचे, चोचीवर, डोळ्यावर. आज त्यांनी उलटं केलं. सगळे लहान केले, टपाल तिकिटाएवढे, आणि खुर्ची मागे सरकवून बसले. झाडबीड काही नव्हतं. प्रत्येक तिकिटात कुंदा होती. आधी दोन्ही हात पोटाशी बांधलेले, थंडीने. मग एक हात सुटा. मग हात वर. पुढच्यातही वर. पुढच्यात थोडा खाली, मग पुन्हा पहिल्यापेक्षा उंच. म्हणजे ती हात नुसता धरून नव्हती, हलवत होती. मग हात खाली. मग काही फोटोंत ती तशीच. मग ती एका बाजूने दिसायला लागली, वळली होती. मग पिवळं चौकटीच्या कडेला, आणि मग नाही. शेवटच्या सहा-सात फोटोंत खंड्या आहे, मासोळी गिळतो आहे, आणि मागे सगळं करडं. त्या सहा-सातांवर त्यांनी तेव्हा लाल खूण केली होती. का केली ते त्यांना आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वर चहाच्या टपरीशी ती सापडली होती, बाकावर बसलेली, ग्लास दोन्ही हातांत धरून, आणि ते तिला म्हणाले होते, ‘तू हलली काहून? दोन मिनिटं अजून थांबली असती तर काय बिघडत होतं?’ ती काय म्हणाली? काहीतरी म्हणाली असणार. त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिला खंड्या दाखवला आणि ती म्हणाली होती, छान. एवढं आठवलं. त्याच्या आधीचं काही केल्या आठवेना. त्यांचा चेहरा तर तिच्याकडेच होता ना? वीसेक पावलांवर ती समोर हात हलवते आहे, आणि एक डोळा मिटलेला, दुसरा लेन्सला लावलेला, त्या डोळ्याला पाखराच्या नाकपुडीचं भोक दिसतं आहे.

मग त्यांचं मन भलतीकडे धावायला लागलं. चक्कर आली असेल का? तिला अधूनमधून यायची. पाय घसरला असेल, शेवाळ असतं. कुणी त्रास दिला असेल, घाटावर नशा करणारी पोरं असतात. का माहेरून फोन आला होता? तिचा थोरला भाऊ त्याच हिवाळ्यात गेला. तो दिवस आणि हा दिवस एक तर नव्हे? त्यांनी तारीख ताडून पाहिली, नव्हे. तरी जीव भांड्यात पडेना. हे काय होतं ते कळलंच पाहिजे, आणि ते सांगणारं माणूस एकच. ते कळलं की बाकीचं सगळं जुळून येईल, ती का येत नाही तेही कळेल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं. त्या एका हाताचा जाब देता आला तर ती परत येईल. मोबाइल हातात घेऊन ते बराच वेळ बसले. बायकोला फोन करायला माणसाला धीर गोळा करावा लागतो का? पण त्यांना लागला. त्यांनी पहिल्यांदाच प्रणोतीचा सोडून तिचा नंबर लावला.

‘काय झालं?’ कुंदाचं पहिलं वाक्य. ‘तब्येत ठीक आहे ना? तुम्ही कसा काय केला फोन?’

‘ठीक आहे सगळं. जेवलीस का?’

‘जेवून राहिली होती. अवंतिका आत्ताच झोपली. काहून, काय झालं ते सांगा ना. घाबरवू नका.’

पुंडलिकरावांनी सांगितलं. कमानिया गेटचं, रस्त्यापलीकडून दिसलेलं, स्वयंपाकघरातून दिसलेलं. ते भराभरा बोलत होते आणि पलीकडे ती हूं हूं करत होती. मध्येच तिने त्यांना थांबवलं.

‘म्हणजे मी दिसते त्याच्यात?’

‘लांबून पाहिलं तर दिसतेस.’

‘मी? चेहऱ्याबिहऱ्यासकट?’

‘चेहरा नाही येत गं. पण तूच आहेस, हे कळते.’

‘अच्छा,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की पुंडलिकरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती खूश झाली होती. एवढ्याशा गोष्टीने झाली होती. ‘मंडळात लावून राहिले का तो? मग सांगा सगळ्यांना, मी आहे म्हणून.’

‘सांगतो. पण कुंदा, तू हात वर केला आहेस त्यात. मला बोलावून राहिली होतीस. काय झालं होतं तुला? चक्कर आली होती का?’

ती आठवू लागली. पलीकडे पंख्याचा का मिक्सरचा आवाज येत होता. ‘तो कोणता दिवस म्हणता? हळदी साडीचा? आता काय सांगू जी. चक्कर असेल. नाही तर थंडी वाजत असेल, चला म्हणत असेन. हात तर मी रोजच करायची.’

‘रोज?’

‘हो मग. तुम्ही तिकडून माझ्याकडेच पाहून राहिले असं वाटायचं, तर मीही करायची. उगीच. मग समजायचं की नाही, हे पाखराकडे पाहून राहिले. मग मी चहा प्यायला जायची.’ ती सहज सांगत होती, तक्रारीचा सूर नव्हताच. ‘तुम्ही काय एक दिवस घेऊन बसले?’

पुंडलिकराव खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. काही बिघडलं नव्हतं त्या दिवशी. कुणी पडलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. माफी मागावी असा एक दिवसच नव्हता. जे वर्षभर म्हटलं नव्हतं ते त्यांनी म्हटलं, ‘तू ये ना आता. मला इथे करमत नाही, कुंदा. एकट्याला घास उतरत नाही माझ्या घशाखाली.’

मग तिने विचारलं, ‘काहून, कुठे उभं राहायचं आहे?’

ती हसेल म्हणून ते थांबले. ती हसली नाही.

‘कुठेच नाही. आता नाही तुला उभं करत. शपथ.’

‘मग तिथे येऊन मी काय करू?’

हा टोमणा असता तर पुंडलिकरावांना बरं वाटलं असतं. कुंदाचे टोमणे त्यांना ओळखू यायचे, टोमण्याला उत्तरही देता यायचं. पण बाजारातून काय आणायचं हे विचारावं तसं ती विचारत होती, तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. त्यांनी उत्तर शोधायला सुरुवात केली. तू येशील, मग आपण... फॅक्टरीच्या दिवसांत शिफ्टा होत्या, ते यायचे तेव्हा ती झोपलेली असायची. नंतर मुलीचं शिक्षण, नंतर लग्न. रिटायर झाल्यावर ते कॉम्प्युटरशी आणि ती आत. घाटावरच्या त्या सकाळी सोडल्या तर दोघांनी मिळून केलेलं काही त्यांना सापडेना. स्कूटरवर मागे बसून ती जायची, त्यांच्या पाठीला डोकं टेकून वारा चुकवायची, आणि मग वीस पावलं लांब जाऊन उभी राहायची. संसारात एकत्र म्हणून जे होतं ते एवढंच होतं, आणि ते आत्ताच त्यांनी शपथ घेऊन बंद केलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. चहा, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. भाजी. देवळात जाऊ. एकही शब्द पुढे करण्याच्या लायकीचा वाटेना.

कुंदाने फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता.

‘सांगा ना,’ ती म्हणाली. ‘मी ऐकून राहिली.’